खरवडलेली खूण

मी फार जुना नाही, मित्रांनो. तीनच उन्हाळे पाहिले आहेत मी. पण लाज कागदाला लवकर पिवळा करते, म्हणून जुना दिसतो. मी ट्रेसिंगचा एक मोठा कागद आहे आणि माझ्यावर एक आराखडा काढलेला आहे. तळणाच्या वापरलेल्या तेलापासून इंजिनात घालायचे डिझेल करणाऱ्या एका घरगुती यंत्राचा तो आराखडा.

पुसदच्या एका दुकानात मी गुंडाळीत राहत असे. तेथे अंधार होता, आणि अंधारात कोऱ्या कागदाला स्वतःविषयी फार चांगले वाटते. एके दिवशी कपिल नावाचा एक बारीक अंगाचा, कमी बोलणारा तरुण आला. त्याने माझी कड बोटांनी चाचपली, मला उजेडाकडे धरले आणि एवढेच म्हणाला, "हाच द्या." कोणी तरी आपल्याला निवडले, याचा मला किती अभिमान वाटला होता!

कपिलने आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचे काम शिकून घेतले होते. त्याच्या गावाला लागूनच बंजाऱ्यांचा तांडा आहे. तेथील बायकांच्या बचत गटाने पिठाची चक्की घेतली होती आणि चक्कीला डिझेलचे इंजिन होते. दिग्रसच्या भजी-कचोरीच्या गाड्यांवर काळे पडलेले तेल फेकून देतात. ते आणून त्याचेच डिझेल करावे, असा बेत गटाच्या अध्यक्ष विमलताईंनी मांडला. वेल्डिंगची कामे करणारा हरिसिंग जुन्या गिझरच्या टाकीपासून यंत्र जोडून देणार होता. "पन मले नकाशा पायजे," तो म्हणाला, "नाहीतर कोनती नळी कुठं गेली, ते माह्यं मलेच समजनार नाई."

तो नकाशा मी झालो.

सुरुवातीचे दिवस आठवले की अजूनही माझे अंग शहारते. कपिल श्वास रोखून माझ्यावर वाकत असे. टाकीसाठी वर्तुळ, नळ्यांसाठी सरळ रेघा, आणि प्रत्येक कॉकसाठी, म्हणजे नळीवरच्या तोटीसाठी, टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, लहानशा डमरूसारखे. बंद ठेवायचा कॉक शाईने काळा भरायचा, उघडायचा तो पोकळ ठेवायचा, असे त्याने ठरवले. त्या नियमाने त्याने डावीकडची आकृती पूर्ण केली. तेल तापवून त्यात डिझेल करणारे रसायन, म्हणजे दवा, मिसळताना कोणते कॉक कसे असावेत, ते तीत दाखवले होते.

मग सोयाबीनची सोंगणी आली आणि पंधरा दिवस मी पलंगाखाली पडून राहिलो. कपिल परतला तेव्हा हात तोच होता, पण मनातला नियम निसटला होता. उजवीकडची आकृती पुढच्या कामाची होती. मिसळलेले तेल स्थिरावले की तळाशी ग्लिसरीनचा दाट थर बसतो. तो खालच्या कॉकने काढून घ्यायचा. हा कॉक महत्त्वाचा, तो नजरेत भरला पाहिजे, असे कपिलला वाटले. म्हणून उघडायचा तोच कॉक त्याने काळा भरला आणि बंद ठेवायचे पोकळ सोडले. एका वितीच्या अंतरावर एकाच खुणेचा अर्थ उलटला. खाली कोपऱ्यात खुणांची यादी लिहायला जागा होती. तेथे त्याने वळणदार अक्षरांत आपले नाव लिहिले.

आणि मी? मी शाई पिऊन स्वस्थ राहिलो. उलट, त्या काळ्याभोर खुणेमुळे आपण अधिक देखणे दिसतो, असेच मला वाटले.

कौतुकही झाले. "हा नकाशा हाय का लग्नाची पत्रिका?" असे म्हणत हरिसिंगने मला टिनाच्या शेडमध्ये खिळ्याला अडकवले. नळ्या कुठून कुठे जातात, ते माझ्यावर बरोबरच होते. त्यामुळे यंत्र नीट उभे राहिले. ते चालवायचे काम गंगीला मिळाले. तिला अक्षरओळख नव्हती, पण तिच्या हातच्या आरशांच्या कशिद्याला तांड्यात तोड नव्हती. यंत्राची किल्ली कमरेला आली तसे लोक तिला 'मशीनवाली' म्हणू लागले. हे नाव ऐकले की ती पदर नीट करी.

कपिलने तिला डावी आकृती शिकवली. उजवी तशीच आहे, असे सांगून मोकळा झाला.

"काळं म्हंजे बंद, पोकळ म्हंजे चालू," गंगीने घोकले. "झालं? येवढ्यासाठी पोट्टे कालेजात जातेत?"

कपिल लाजून हसला. मीही मनातल्या मनात हसलो.

पहिला घाणा लागला त्या दिवशी कपिल कामासाठी दारव्ह्याला गेला होता. दोन महिने गोळा केलेले सगळे तेल टाकीत होते. मिसळण्याचे काम बिनचूक पार पडले. तेल काही वेळ स्थिरावू दिल्यावर गंगी माझ्यासमोर उभी राहिली. उजव्या आकृतीवरून तिने सावकाश बोट फिरवले. काळा कॉक बंद, पोकळ कॉक चालू. तिने तळाचा कॉक बंदच ठेवला आणि बाजूचे कॉक उघडले.

बाजूच्या नळ्यांखाली भांडे नव्हते; गरम तेलाची धार जमिनीवर कोसळली. गंगीच्या पावलावर फोड उठले. तिने कॉक फिरवेपर्यंत टाकी जवळजवळ रिकामी झाली होती आणि जमिनीने दोन महिन्यांची मेहनत पिऊन टाकली होती.

तांडा जमला. गंगीची जाऊ बिजलीबाई सगळ्यांपुढे म्हणाली, "मी सांगतच होती. अंगठाछाप बाईच्या हाती मशीन कायले देता म्हनून!"

गंगीने मान खाली घातली. "माह्यीच चुकी असन. काळं का पोकळ, माह्या डोक्यात उलटं झालं असन."

त्या क्षणी मला ओरडावेसे वाटले, मित्रांनो. पण कागदाला कंठ नसतो. कपिलला होता. तो संध्याकाळी आला, माझ्यासमोर थांबला, आणि त्याची नजर डावीकडून उजवीकडे गेली. त्याचे कान लाल झाले. मला वाटले, आता हा बोलेल. तो गंगीकडे न पाहता म्हणाला, "होते कधी कधी, काकू."

एवढेच. तीन-चार शब्दांनी त्याने स्वतःची चूक तिच्या पदरात बांधली. विमलताईंनी ठरवले की पुढे यंत्र त्यांचा पुतण्या रोशन चालवील. तो बारावी शिकलेला आहे. रविवारच्या सभेत किल्ली त्याला द्यायची.

दुसऱ्या सकाळी कपिल मला घरी घेऊन गेला. अर्धे ब्लेड हातात घेऊन त्याने उजव्या आकृतीतली काळी शाई हलक्या हाताने खरवडली. जुने ड्राफ्ट्समन अशाच रीतीने चुका काढत. मग त्याने अंगठ्याच्या नखाने ती जागा घोटली, इतर कॉक काळे भरले, आणि आकृती निर्दोष झाली. ब्लेडने मला फारसे दुखले नाही. दुखले ते हे, की त्याने चूक सुधारली नव्हती. ती कधी झालीच नव्हती असे केले होते. आणि त्या कामात मी त्याचा भागीदार होतो.

शनिवारी त्याने मला पुन्हा खिळ्याला लावले. तेवढ्यात गंगी लंगडत आली.

"उद्या किल्ली द्याची हाय," ती म्हणाली. "त्याच्याआंधी येक डाव पाहू दे, बाबू. डोकं कुठं फिरलं माह्यं, ते तं समजू दे."

तिचे बोट उजव्या आकृतीवरून फिरू लागले. तळाच्या कॉकवर ते थांबले. मागे गेले. पुन्हा थांबले.

"इथं उसवलं हाय," ती म्हणाली.

"काय?"

"टाका उसवला तरी सुईचं भोक कापडात राह्यते. कितीबी धुवा, हाताले लागते. इथं तुहा कागद खरबरीत काहून हाय?"

तिने मला खिळ्यावरून काढले आणि दारातल्या उन्हासमोर धरले. मी अर्धपारदर्शक आहे; लपवणे माझ्या जातीत नाही. पुसलेल्या खुणेची करडी सावली माझ्यातून स्पष्ट दिसली.

"काळं होतं इथं."

"हो, काकू."

"म्हंजे मी बराबर केलं होतं."

"हो."

गंगी तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसली. "चार दिस झाले, घास गोड लागत नाई मले. सोताले म्हनून राह्यली, गंगे, तुह्यं डोकंच फुटकं हाय. अन् तुले मालूम होतं? कधीपासून?"

"त्याच दिवसापासून."

कपिलने खाली वाकून तिच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला. तिने पाय मागे घेतले.

"मले माफी नको मांगू. इथं मी येकटी हाओ. ज्याइच्यापुढं मी मान खाली घातली, त्याइच्यापुढं सांग."

रविवारी सभा भरली. गंगीने कमरेची किल्ली काढून रोशनच्या हाती दिली. कपिल उठला, पण आवाज फुटेना. कोणी तरी हसले. शेवटी त्याने मला सतरंजीवर पसरले आणि खरवडलेल्या जागेवर बोट ठेवले. "गंगीकाकू चुकल्या नाहीत. खूण मी चुकवली. मग लपवायले ब्लेडनं खरवडली."

बिजलीबाईने पदर तोंडाला लावला. "अवो बाई! म्हंजे शिकलेल्याची चुकी होती?" या वेळी कोणीच हसले नाही. विमलताईंनी रोशनकडे पाहिले; त्याने किल्ली स्वतःच गंगीपुढे ठेवली. गंगीने ती लगेच उचलली नाही. आधी म्हणाली, "नवा नकाशा काढशीन तं माह्यासमोर काढ. येक येक खूण मले इचारून."

त्याने तसेच केले. प्रत्येक खुणेला ती विचारी, "तिकडंबी असंच हाय ना?" कोपऱ्यात खुणांची यादी आधी लिहिली गेली, नाव सर्वांत शेवटी आणि बारीक अक्षरांत. तो कागद माझ्याइतका देखणा नाही. पण त्याच्याकडे पाहून गेले वर्षभर एकही घाणा वाया गेलेला नाही.

मला चुलीत घालावे, असे कपिलला वाटत होते. खरे सांगायचे तर मलाही. गंगीने घालू दिले नाही. दुसऱ्या तांड्यांतल्या बायका यंत्र पाहायला येतात तेव्हा ती मला उजेडासमोर धरते, आणि त्या माझ्यातून आरपार पाहतात. प्रत्येक वेळी मला नव्याने लाज वाटते. कपिल आता माझ्याकडे पाठ करून बसतो. मी त्याला दोष देत नाही. त्याच्याकडे पाहण्याचे धैर्य माझ्यातही नाही.

मित्रांनो, तुम्ही वहीत आकृत्या काढता. एका खुणेला एकच अर्थ द्या आणि तो कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण तुमच्या रेघेवर विश्वास ठेवून कोणी तरी हात पुढे करणार असते. तरीही चूक होईल. तुमच्या चुकीचे ओझे दुसरे कोणी वाहत असेल, तर आधी त्याच्या डोक्यावरून ते उतरवा. रेघ मागाहून सरळ करा.