चार मापं

मी अर्ध्या किलोचा डबा बोलतोय. निदान माझ्या पोटावर ठसा तरी तसा आहे. आता ठशावर विश्वास ठेवायचा की पोटात प्रत्यक्ष जेवढं मावतं त्यावर, हा घोळ काही माझ्या पत्र्याच्या डोक्यात सुटत नाही. मोठमोठ्या साहेबांनीही हात टेकले, तिथं माझी काय कथा! तरी सगळं पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला काही उमगलं तर बघा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, खाली बूड बसवलं आणि वरची कड बाहेरच्या बाजूला छान गोल वळवली. कुणाचं बोट कापू नये म्हणून ती कड. एका माणसानं माझ्या पोटात काठोकाठ धान्य ओतलं, तराजूवर तोललं आणि "बरोब्बर" म्हणून ठसा मारला. तो एकच शब्द मी आयुष्यभराची शिदोरी म्हणून बांधून घेतला. मी बरोब्बर आहे, आणखी काय हवं?

माझ्यासारख्या साठ डब्यांची रवानगी एका गावात झाली. तिथं अन्नसुरक्षा प्रकल्प नावाचं काहीतरी सुरू होणार होतं. पैसा लांबच्या मोठ्या संस्थेचा आणि धावपळ तिथल्याच एका छोट्या संस्थेची. छोट्या संस्थेतर्फे घरोघर हिंडणाऱ्या माणसाला सगळे 'भाऊ' म्हणत. भाऊंनी प्रत्येक घराला सुधारित बियाणं, धान्य साठवायला पत्र्याची कोठी आणि एकेक माप दिलं. शिवाय गावाच्या मधोमध एक कोठार उघडलं. ज्या घरातलं धान्य संपेल त्या घराला वर्षातून एकदा तिथून एक पोतं मिळायचं.

माझ्या वाट्याला आलेल्या घरात पाच माणसं होती. नवरा-बायको, थोरली आणि धाकटी अशा दोन मुली, आणि मुलींचे आजोबा. त्यांना अख्खं गाव आबा म्हणायचं. आबांनी छत्तीस वर्षं धान्यबाजारात मापाड्याचं काम केलेलं. पुढं नजर गेली आणि ते दाराजवळच्या बाजेवर बसून राहू लागले. पण कान अजून बाजारातच होते. सकाळी सून चुलीपाशी बसून माझ्यानं धान्य पातेल्यात घालू लागली की आबा बाजेवरून पुटपुटत, "एक... दोन... तीन... चार." चार झाली की मान डोलवायचे. चार मापं म्हणजे पाच माणसांना दोन वेळचं. मला त्यांचा फार अभिमान वाटे. जाणकाराच्या हाती पडलो म्हणायचं!

भाऊंनी तेव्हा पहिली पाहणी केली. "वहिनी, रोज किती मापं शिजतात?" "चार." "घरचं धान्य किती महिने पुरतं?" "आठ." भाऊंनी लिहून घेतलं.

त्याच वर्षी, सहावा-सातवा महिना असेल, सुनेनं कोठीत हात घातला आणि तो खांद्यापर्यंत आत गेला. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं तीनच मापं घातली. आबा "तीन" म्हणून थांबले. चौथं आलंच नाही. दुपारी ताट समोर आल्यावर ते म्हणाले, "मला भूक नाही गं. पोरींना वाढ."

दुसऱ्या दिवशीही त्यांना भूक नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. मला वाटलं, म्हातारपणी भूक जात असेल. मी डबा, मला काय कळतंय? आठव्या दिवशी आबा अंगणात उभ्या उभ्या कोसळले. सून धावली, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन रडली. "चार घालते आबा, उद्यापासून चार घालते," म्हणाली.

मी कोठीच्या तळाशी पडून विचार करत राहिलो. धान्य तेवढंच असताना ही चार कुठून घालणार?

त्याचं उत्तर मला पत्रेवाल्याच्या दुकानात मिळालं. म्हणजे मिळालं, पण कळलं नाही. सुनेनं मला त्याच्यासमोर ठेवलं. "याची कड दोन बोटं खाली घ्या."

पत्रेवाल्यानं मला उलटंसुलटं करून पाहिलं. "वहिनी, नवं कोरं माप आहे. कशाला नासवताय?"

"कापा तुम्ही."

"कापलेल्या मापानं विकलं तर लोक ओरडतील हां."

"विकायला नाही. घरातलंच आहे."

"मग काय घरातल्यांना फसवणार?"

"हो," सून म्हणाली.

पत्रेवाल्यानं एकदा तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि कात्री उचलली. माझी गोल कड, जिचा मला केवढा तोरा, ती बांगडीसारखी सुटून खाली पडली. दुखलं म्हणू का? दुखलंच. पण त्याहून जास्त मी गोंधळलो, कारण ठसा तसाच होता. पोटावर अर्धा किलो आणि डोक्याला उघडी धार. कड तिनं पदराआड घेतली आणि घरी येऊन धाकटीला खेळायला दिली. धाकटी ती कधी मुकुट म्हणून घाली, कधी अंगणात घरंगळवी.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चार मापं सुरू झाली. आबा चार मोजत आणि जेवत. सून जिंकली. पण पातेलं पूर्वीइतकं भरत नव्हतं, आणि थोरली ताट बोटानं निपटून घेऊ लागली होती. मोजणी बरोब्बर आणि पोटं मात्र रिकामी, हे गणित मला कुणी शिकवलेलंच नाही.

अशी तीन वर्षं गेली. आणि एक दिवस गावात गडबड उडाली. मूल्यमापन होणार म्हणे. नावात माप आहे म्हणून मला वाटलं, आपल्याच भाऊबंदांपैकी कुणीतरी येणार. आल्या त्या एक बाई. खांद्याला पिशवी, हातात पाटीएवढं यंत्र, पायांत धुळीनं माखलेले बूट. मोठ्या संस्थेनं त्यांना पाठवलं होतं. प्रकल्पाची मुदत संपली. आता गाव आपल्या पायावर उभं राहिलं की नाही ते ठरवायचं. राहिलं असेल तर कोठार बंद करून दुसऱ्या गावाला न्यायचं. नसेल राहिलं, तर आणखी मुदत.

भाऊ बाईंच्या मागंमागं होते आणि त्यांचा चेहरा पाहून मी चक्रावलो. चांगलं उत्तर आलं की ते खूश व्हायचे, आणि लगेच कोठाराकडं बघून तोंड पाडायचे. काम फत्ते झालं तर काम संपणार, आणि नाही झालं तर ठपका यांच्यावर. बिचाऱ्याला हसावं की रडावं कळेना. मला त्यांच्याबद्दल जरा आपुलकीच वाटली.

बाई आमच्या अंगणात चटईवर बसल्या. आबा दोन हातांच्या अंतरावर बाजेवर होते.

"रोज किती मापं शिजवता?" बाईंनी विचारलं.

सुनेनं बाजेकडं पाहिलं. "चार."

"घरचं धान्य किती महिने पुरतं?"

"अकरा."

यंत्रात आकडे गेले. माप म्हणजे अर्धा किलो हे त्याला कुणीतरी आधीच पढवून ठेवलेलं. आपलं आपणच गुणाकार करून त्यानं घराच्या नावापुढं हिरवा ठिपका टाकला. खाणं तेवढंच आणि पुरतंय तीन महिने जास्त! बाई म्हणाल्या, "छान. तुमचं घर सावरलं."

"कोठाराचं पोतं मिळेल ना पण?" सुनेनं हळूच विचारलं. "शेवटचा महिना आम्ही त्याच्यावरच काढतो."

"सगळीकडं असंच हिरवं आलं तर गरज नाही पडणार," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, त्या आनंदाची बातमी देताहेत.

सुनेच्या हातातलं पाणी तांब्यातच राहिलं. खरं सांगावं तर बाजेवरचे कान ऐकणार. न सांगावं तर पोतं जाणार, आणि ते एकट्या तिच्या घरचं नाही, अख्ख्या गावाचं. मी चुलीपाशी होतो. ओरडून सांगावंसं वाटलं. पण काय सांगणार? मी किती आहे हे मलाच कुठं माहीत होतं!

"माप बघू जरा," बाई म्हणाल्या. नुसतीच रीत म्हणून मागितलं असावं. त्यांनी मला हातात घेतलं आणि चटकन बोट तोंडात घातलं. माझी धार लागली होती. "अरे! याला कड नाही?"

"कड माझ्याकडं आहे," धाकटी म्हणाली. ती धावत आली, हातातून कड काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. तीन वर्षांनी मी क्षणभर पुरता झालो. "ही याचीच आहे. आईनं कापून आणली."

भाऊ माझ्याकडं बघत राहिले, बाई सुनेकडं.

"वहिनी, कधी कापलं हे?"

"काही कापलंबिपलं नाही," सून म्हणाली. "आलं तेव्हा असंच होतं. पोरगी काहीही बोलते. तुम्ही चार लिहा."

तेवढ्यात बाज करकरली. आबा उठून बसले होते.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं मला, सूनबाई," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं मापं मोजली. भरलेलं माप पातेल्यात रितं व्हायला किती वेळ लागतो, ते मला कानानं कळतं. तुझं लवकर संपायचं."

सुनेनं तोंडाला पदर लावला. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मी उपाशी राहू नये म्हणून तू नवं माप कापून आणलंस. मी उठलो असतो ताटावरून, तर ते सगळं पाण्यात गेलं असतं. म्हणून चार मोजत राहिलो." मग त्यांनी बाईंच्या दिशेनं तोंड वळवलं. "बाई, चार लिहू नका. माझ्या देखत आजवर खोट्या मापाची नोंद झालेली नाही. तोला ते."

बाईंनी पिशवीतून वजनकाटा काढला. साडेतीनशे ग्रॅम. त्यांनी पुन्हा तोललं. तेवढंच. यंत्रात टाकायला गेल्या तर यंत्र म्हणे, किती मापं तेवढं सांगा. शेवटी त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि वहीत लिहिलं. लिहिताना त्यांचा हात घाईचा राहिला नव्हता.

"हे मी नेऊ का? प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय कुणी विश्वास ठेवायचं नाही."

"न्या," आबा म्हणाले.

मला कडेसकट पिशवीत घातलं तरी पिशवीचं तोंड उघडं होतं, म्हणून पुढचं पाहायला मिळालं. स्वयंपाक अजून व्हायचा होता. सून कोठीपाशी गेली, आणि माप नाही म्हणून नुसतीच उभी राहिली.

"ओंजळीनं घाल," आबा म्हणाले. "मी आज मोजत नाही."

तिनं ओंजळ भरली. आबांनी तोंड भिंतीकडं वळवलं. पण त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. छत्तीस वर्षांची सवय, ती का अशी मोडते?

जाताना बाई पत्रेवाल्याकडं शिरल्या. त्याच्या दुकानात खिळ्याला माझ्या कडेसारख्या सोळा कडा लटकत होत्या. बाईंनी त्या एकेक करून मोजल्या आणि पिशवीत घातल्या.

"मला आपलं वाटलं, बायकांत नवीन टूम निघाली असेल," पत्रेवाला मान खाली घालून म्हणाला. "विचारावं, तर जी ती म्हणायची, घरातलंच आहे."

कुणी सासऱ्यासाठी कापलं होतं, कुणी मुलांसाठी, कुणी नवऱ्याला कळू नये म्हणून. पाणवठ्यावर एकीनं दुसरीला सांगितलं असणार. आणि ती सतराही घरं यंत्रात हिरवी!

आता मी शहरात आहे. आधी मोठ्या संस्थेच्या एका लांबलचक टेबलावर होतो. माझ्या बाजूला सतरा कडांची रास होती. साहेबांनी मला हातोहात फिरवलं, दोघांची बोटं कापली. खूप चर्चा झाली, चहा झाला. शेवटी ठरलं की दोष मापांत आहे. कात्रीला दाद देणार नाहीत अशी जाड लोखंडी मापं घरोघर द्यायची, आणि ती येईपर्यंत कोठार चालू ठेवायचं. बाई उठून म्हणाल्या, "अहो, मापांनी काय केलंय?" तेव्हा एक साहेब म्हणाले, "मग हे काय आहे?" आणि माझ्याकडं बोट दाखवलं. तसं लिहिलेल्या अहवालावर बाईंनी अजून सही केलेली नाही. काटा घेऊन त्या पुन्हा गावाकडं गेल्या आहेत, उरलेली घरं तोलायला. मी त्यांच्या कपाटावर आहे. गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी, पोटात दोन पेन्सिली.

त्या दिवसापासून मी विचार करतोय. मी खोटं माप आहे का? माझ्यामुळं एक म्हातारा तीन वर्षं जेवला. मग मी बरोब्बर आहे का? माझ्यामुळं थोरली तीन वर्षं अर्धपोटी निजली. दोन्ही खरं कसं असेल, मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं?

एवढं मात्र मागतो. माझी कड मला परत हवी आहे, कुणाला नको असेल? लोखंडी भाऊबंदही जाऊ देत त्या गावात. पण त्यांच्या आधी त्या कोठीत धान्य जाऊ द्या. ते गेलं नाही आणि नुसतंच पुरतं माप गेलं, तर त्या घरात सकाळी पुन्हा तीनच ऐकू येतील, आणि आबांना भूक नसेल.