अकरा सेकंद गप्प राहिलेली घंटा

मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो. जिचा आवाज ऐकून तुम्ही दप्तर उचलून पळत सुटता, ती शाळेची घंटा मी नव्हे. आगीच्या बंबाचीही नव्हे. मी बॉक्सिंगच्या रिंगची घंटा. मी एकदा वाजले की दोन धडधाकट माणसं एकमेकांना मारायला लागतात आणि पुन्हा वाजले की थांबतात. या दोन टोल्यांच्या मधल्या तीन मिनिटांत माझं आयुष्य गेलं.

पितळ ओतून मला घडवलं, कानशीने घासलं आणि एका लाकडी फळीवर स्क्रूने आवळलं. बाजूला स्प्रिंगची हातोडी आणि तिला एक दोरी बांधली. दोरी ओढली की हातोडी माझ्या अंगावर आदळते. थोडक्यात, सामन्यातला पहिला मार मीच खाते, आणि शेवटचाही.

माझी जागा रिंगला लागून असलेल्या टेबलावर होती. तिथून मी फार जवळून पाहिलं. नाकाचं हाड मोडतं तेव्हा काकडी मोडल्यासारखा आवाज होतो. एकदा कुणाचा तरी दात थेट माझ्या फळीवर येऊन पडला होता. भुवई फाटली की रक्त डोळ्यांत उतरतं आणि माणूस आंधळ्यासारखे गुद्दे मारत सुटतो. मागे बसलेले लोक मात्र 'अजून, अजून' म्हणून घसा फोडत असायचे. सामना संपला की माझी दोरी ओढणारा टाइमकीपर मामा ओलं फडकं घेऊन माझ्यावरचे शिंतोडे पुसायचा.

मामाला सगळे मामाच म्हणत. पण त्याचे खरे भाचे दोनच होते, एक भाची आणि तिच्या पाठचा भाऊ. मामा वेळेचा इतका पक्का, की हॉलमधले लोक माझ्या टोल्यावर आपली घड्याळं लावून घेत. मला त्याचा गर्व होता. गर्वाचं घर खाली म्हणतात ते काही उगीच नाही.

हा भाचा बॉक्सर झाला आणि विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला. नात्यातल्या माणसाने टाइमकीपरच्या खुर्चीत बसू नये असा नियम होता. पण ठरलेला माणूस ऐन वेळी आजारी पडला आणि फार चौकशी न करता मामाला बसवलं. समोरचा बॉक्सर डावखुरा होता, म्हणून सगळे त्याला डावऱ्या म्हणायचे. डावऱ्याची एक खोड होती. फेरी सुरू झाली की तो मनातल्या मनात आकडे मोजायचा. एकशे ऐंशी झाले की त्याचे हात आपोआप खाली यायचे आणि त्याच क्षणी मी वाजायचे. माझा मोठा विश्वास होता त्याला.

नवव्या फेरीत भाच्याचं तोंड सुजून लाल झालं होतं आणि गुणांत तो मागे होता. डावऱ्याने एकशे ऐंशी मोजले, हात खाली घेतले आणि तो आपल्या कोपऱ्याकडे वळला. मामाच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळात वेळ संपली होती. मामाच्या मुठीत दोरी ताणलेली होती. मी वाट पाहत होते. पण मामाने ती ओढली नाही. भाच्याने एकदा आमच्या टेबलाकडे पाहिलं आणि उजव्या हाताचा ठोसा डावऱ्याच्या डोळ्यावर हाणला. मग दुसरा, मग तिसरा. चौथा ठोसा बसला तेव्हा डावऱ्या आधीच कोसळायला लागला होता. तो पडला आणि मग मामाने दोरी ओढली. पंचाने दहा आकडे मोजले, पण डावऱ्या उठला नाही.

मामाने मुद्दाम केलं की त्याचा हात थिजला, ते मला आजही सांगता येणार नाही. डावऱ्याचा उजवा डोळा कायमचा गेला, एवढं मात्र खरं. पुढे तो कुलपं दुरुस्त करायच्या कामाला लागला. आणि भाचा चॅम्पियन झाला.

काही वर्षांनी हॉल पाडला. मामाने मला स्वतः उखडून घरी नेलं आणि कपाटावर ठेवलं. त्यानंतर एकदाही पुसलं नाही. तो गेल्यावर मी चॅम्पियनकडे आले.

निवृत्त झालेला खेळाडू आजकाल माइक लावून बसतो, तसा हाही बसला होता. व्यायामशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत भिंतींना फोम चिकटवला, टेबलावर दोन माइक आणि मधोमध मी. चॅम्पियनचा पॉडकास्ट माझ्या टोल्याने सुरू व्हायचा आणि टोल्यानेच संपायचा. रेकॉर्डिंग त्याची ताई बघायची. ऐकणारे लाखांनी वाढले. प्रत्येक भागाच्या शेवटी चॅम्पियन एक वाक्य म्हणायचा, 'आणि काहीही झालं तरी हात खाली सोडू नका.' लोक खदखदून हसत, कारण ते वाक्य कुणावर आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. हे चार वर्षं चाललं, मित्रांनो, आणि दर वेळी मला माझी लाज वाटायची.

शंभराव्या भागाला डावऱ्याला बोलवायचं ठरलं. त्या सामन्याचं जुनं रेडिओ समालोचन ऐकवायचं म्हणून ताई ते कापायला बसली. आठ फेऱ्या पडद्यावर बरोबर तीन मिनिटांच्या निघाल्या. नववी तीन मिनिटं अकरा सेकंदांची. तिने तीन वेळा मोजून पाहिलं आणि भावाला बोलावलं.

"तेवढे अकरा सेकंद कापून टाक," तो म्हणाला.

"मामाने केलं हे?"

"मामा गेला, ताई. गेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढतेस?"

ताईने कापलं नाही.

डावऱ्या ठरल्या वेळी आला, हात मिळवला, पाणी प्यायला. गप्पा बऱ्या चालल्या होत्या. मग चॅम्पियनने विचारलं, की इतकी वर्षं नाही म्हणत होतास, आता कसा आलास. डावऱ्या म्हणाला, "माझ्या मुलीला शाळेत पोरं तुझं वाक्य ऐकवतात. तिने मला विचारलं, बाबा, तुम्ही घाबरला होता का? माझे हात खाली का आले ते तू सांग. एवढ्यासाठी आलोय."

ताईने नववी फेरी लावली. डावऱ्याने डोळे मिटले आणि समालोचनाबरोबर हळू आवाजात आकडे मोजायला लागला. एकशे ऐंशीला त्याने दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. रेडिओत ठोसे चालूच होते.

आपलं बिंग फुटलेलं पाहून चॅम्पियन टेबलावरूनच झेपावला. माइक उडाला, मी फळीसकट जमिनीवर आपटले आणि माझ्या कडेला पोचा पडला. पहिला गुद्दा डावऱ्याच्या उजव्या गालावर बसला, त्या बाजूचं त्याला दिसतच नव्हतं. खुर्ची मोडली. डावऱ्याने खालून डाव्या हाताने बरगड्यांत असा ठोसा दिला की चॅम्पियनचा श्वास अडकला. दोन पोक्त माणसं, पण जनावरांसारखी भिडली होती. फोमवर रक्त उडालं. ताई ओरडत होती, ऐकतो कोण? चॅम्पियनने त्याचा गळा धरून त्याला भिंतीला दाबलं आणि उजवी मूठ मागे घेतली. तोच डोळा, तीच मूठ. मी जमिनीवरून बघत होते, अगदी त्या दिवशीसारखी.

ताईने खाली वाकून माझी दोरी ओढली.

मी जीव खाऊन वाजले. दोघांचे हात एकदम खाली आले. वर्षानुवर्षांची सवय ती, तिला राग कळत नाही. खोलीत नुसते धापांचे आवाज राहिले.

डावऱ्याने ओठावरचं रक्त पुसलं. "या वेळी वेळेवर वाजली," तो म्हणाला.

चॅम्पियन भिंतीला टेकून खाली बसला. स्वतःच्या मुठीकडे बघत म्हणाला, "मामाच्या मागचं घड्याळ मला दिसत होतं. वेळ संपली होती. ह्याचे हात खाली होते ते चुकून नाही, वेळ संपली म्हणून. मला कळलं होतं. तरी मी मारलं."

"रेकॉर्डिंग चालूच आहे," ताई म्हणाली. "कापू?"

"राहू दे. सगळं राहू दे."

तो भाग जसाच्या तसा गेला. लोकांनी चॅम्पियनला नाही नाही ते बोलून घेतलं आणि त्याने ते ऐकून घेतलं. भिंतीवरचा विजेतेपदाचा पट्टा त्याने स्वतः उतरवला. डावऱ्याच्या मुलीने तो भाग वर्गात सगळ्यांना ऐकवला, असं ताई फोनवर कुणाला तरी सांगत होती.

पोचा पडल्यापासून माझा आवाज थोडा चिरका झालाय. दुरुस्त करू का, असं कुणी विचारलं तर चॅम्पियन नको म्हणतो. मलाही चकचकीत व्हायची हौस राहिलेली नाही. मित्रांनो, मागणं एकच आहे. कधीतरी तुमच्याही हातात एखादी दोरी येईल. तेव्हा आधी घड्याळाकडे बघा, मार खाणाऱ्याकडे बघा, आपला कोण आणि परका कोण ते मागाहून बघता येईल. मी अकरा सेकंद गप्प राहिले, कारण मला स्वतःहून वाजता येत नाही. तुम्हाला येतं.