थोरल्याच्या नावाची शिराझ

मळ्यातल्या सगळ्यात जुन्या वेलींपासून जी शिराझ वाईन निघायची, तिला ‘थोरला’ हे नाव धाकट्यानेच दिलं होतं. वडिलांनी खडकाळ उतार फोडून वेली लावल्या, थोरल्याने वाईन केली आणि धाकट्याने ती विकली, असा त्या मळ्याचा इतिहास. बोलणाऱ्याचा कोंडाही विकला जातो म्हणतात. इथे तर माल चोख होता. थोरला मात्र अगदीच अबोल. एखाद्या दिवशी चार वाक्यं सलग बोलला तर बायको विचारायची, “बरं वाटत नाही का?”

तो जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या बायकोला मळ्यावर सगळेच वहिनी म्हणत. ती मागच्या बाजूच्या खोल्यांत राहायची आणि बाटल्यांवर लेबलं लावायचं काम बघायची. पाहुण्यांसमोर ती सहसा जात नसे. यंदा जाऊ अंथरुणाला खिळली होती, म्हणून नव्या ‘थोरल्या’च्या मेजवानीला तिला टेबलाशी बसावं लागलं.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा धाकटा पेला घेऊन उभा राहिला. वडिलांचा उतार सांगून झाला, दगड वाहून सोललेले खांदे सांगून झाले. मग त्याचा आवाज खाली आला.

“द्राक्षं आंबवायची टाकी रिकामी केली होती. आत धोका आहे हे दादाला कळत होतं. पण ही शिराझ म्हणजे त्याचं लेकरू. तो उतरला. आम्ही बाहेर काढलं तेव्हा माझा हात धरून एवढंच म्हणाला, ‘माझ्या वाईनला जप.’”

कोणीतरी डोळे टिपले. भाऊजी तिखटमीठ लावतात हे वहिनीला ठाऊक होतं, पण हे वाक्य तिने आज पहिल्यांदाच ऐकलं होतं. शेजारच्या बाईने तिच्या हातावर हात ठेवला. “खरंच असं म्हणाले ते?”

‘हो’ म्हणायलाच वहिनीने तोंड उघडलं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “बाहेर काढलं तेव्हा ते गेलेले होते. टाकीच्या तळाशी चोथा उरतो, तो फावड्याने ओढावा लागतो. आंबलेल्या द्राक्षांचा वायू तिथेच साचतो, माणूस गुदमरतो, म्हणून आधी पंखा लावून हवा खेळवायची. ते नेहमी लावायचे. त्या दिवशी घाई होती, द्राक्षांचा नवा माल दारात येऊन पडला होता. नाही लावला. एवढंच झालं.”

ती हळूच बोलली होती, पण सगळ्या टेबलाला ऐकू गेलं. धाकटा तोंडात मारल्यासारखा खाली बसला. पाहुणे लवकरच उठले.

सकाळी तो तळघरात पिंपं भरत होता. वहिनी पायऱ्या उतरून आली. बाटलीवरचं नाव काढा, हे सांगायचंच असं ठरवून ती आली होती.

“चारचौघांत माझं नाक कापलंत, वहिनी,” तो मान वर न करता म्हणाला.

“मग काय करू? तुमचं नाक राहावं म्हणून त्यांच्या तोंडी वाट्टेल ते घालू देऊ?”

“नाकासाठी नाही घातलं.” त्याने हातातला जग खाली ठेवला. “चोथा काढताना मेला असं सांगू लोकांना? एवढा माणूस, फावडंभर चोथ्यापायी गेला? मला नाही सहन होत ते. काहीतरी कारण हवं ना त्याला.”

वहिनी खालच्या पायरीवर बसली. भाऊजी मेलेल्या माणसाच्या जिवावर धंदा करतात, असं ती इतकी वर्षं मनात धरून होती. त्या दिवशी आपण नवऱ्याला जेवायला हाक मारली असती तर, निघताना दोन शब्द बोललो असतो तर, असं करत तिनेही कारण पुष्कळ उकरलं होतं.

“कारण नव्हतं हो, भाऊजी,” ती म्हणाली. “मीही शोधून दमले.”

तो पिंपाला टेकून रडला. आवाज न करता, खांदे हलवत. वहिनीने त्याला रडू दिलं.

“मग नाव काढू बाटलीवरचं?” त्याने शेवटी विचारलं.

“राहू दे. नाव तेवढं खरं आहे.”

पुढच्या पाहुण्यांना घेऊन तो टाकीपाशी आला आणि तिथेच त्याची जीभ अडली. मागे उभी असलेली वहिनी पुढे झाली आणि जे घडलं ते सांगून मोकळी झाली. या खेपेला कोणी डोळे टिपले नाहीत. माणसं टाकीच्या तोंडाकडे बघत राहिली, मग आपापसांत कुजबुजत गाड्यांकडे गेली. ‘थोरला’ कोणी फारसा घेतला नाही.

अर्धेमुर्धे राहिलेले पेले दोघांनी गोळा केले. ती धूत होती, तो पुसत होता.

“असं सांगितलं की दादा पुन्हा मेल्यासारखा वाटतो,” तो म्हणाला.

“हो,” वहिनी म्हणाली, आणि ओला पेला तिने त्याच्या हातात दिला.