चुलीपर्यंत

चंद्रभानने खडू उचलला, फळ्यावर तापी नदीची लांब रेघ ओढली आणि पोरांकडे वळला. तोंड उघडलं; आवाज घशातच बसला.

"मास्तर," शेवटच्या रांगेतलं एक पोरगं ओरडलं, "नदी दिसते, पन तुमी काय म्हनून राहिले थे आयकूच नाई येत!"

वर्ग खदखदून हसला. खिडकीपाशी उभे असलेले पुण्याचे हेडमास्तर मात्र हसले नाहीत. तास सुटल्यावर त्यांनी त्याला थांबवून घेतलं.

"फाल्गुनात साहेब तपासणीला येतील. शेवटच्या रांगेला तुमचा पाठ ऐकू गेला नाही, तर तुमचं नाव कमी करावं लागेल. मास्तर व्हायचंय ना तुम्हाला?"

चंद्रभानने मान हलवली. तीसुद्धा हळूच.

अमरावतीत मास्तर तयार करणारी ही सरकारी शाळा नवीन होती. चंद्रभान अकोटाकडच्या खेड्यातला. त्याच्या गावात शाळा नव्हती; ती आपण काढायची, एवढं एकच मनाशी धरून तो आला होता. विलायतेच्या मागणीने कापूस सोन्याच्या भावाने चालला होता, वेचायला हात पुरत नव्हते. तरी बापाने गाडी जुंपून त्याला इथे आणून सोडलं. "एक वरीस देतो. नाई जमलं त सरळ वावरात वखरामागं," म्हणाला होता.

राहायला कापसाची वखार होती. तिथला राखणदार जानराव त्याच्याच गावचा. आढ्यापर्यंत कापूस रचलेला, त्यामुळे आत दिवा न्यायचा नाही, विडीसुद्धा ओढायची नाही. जानरावाच्या बायकोची, पार्बताबाईची, चूलही आगीच्या भीतीने अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, विहिरीजवळ होती. दिवस कलला की पुस्तक मिटायचं आणि दारात उभं राहून पाठ केलेलं पुटपुटायचं, असा चंद्रभानचा क्रम.

त्या संध्याकाळी पार्बताबाईने तिकडूनच हाक मारली.

"बापू, ओठ हालून राहिले तुये. काय म्हनतं?"

"काई नाई, काकू. पाठ."

"मले नाई आयकू आलं! लहानपनी देवी आल्या तवापासून कान कामातून गेले माये. जोरानं बोलत जाय."

तो चालत तिच्याकडे निघाला.

"तिथंच ऱ्हाय! माये हात पिठात हायेत. भाकर पाह्यजे असन त तिथूनच माग. मले आयकू आली त टाकतो तव्यावर."

"भाकर द्या, काकू."

"काय?"

"भाकर!"

विहिरीवर बैलांना पाणी पाजणारे गाडीवान हसायला लागले. "पार्बताबाई, द्या वो त्याले, मास्तर उपाशी मरन!" चंद्रभानचे कान तापले. तो आत जाऊन कापसात तोंड खुपसून बसला. मग उठला, पुन्हा दारात आला आणि डोळे मिटून ओरडला. भाकर मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून नुसतं 'भाकर' ओरडून भागेना. "थे नदी कुठून निंघते, सांग." "मुलताईहून!" "मंग कुठं जाते?" गाडीवान म्हणत, "मास्तर, तापी आमच्या गावावरून न्या ना, बैलाले पानी होईन!" एकदा तर चंद्रभानने त्यांना तिथूनच उत्तर दिलं, "तुमचं गाव उचलून आना मंग तापीवर!" आणि स्वतःच दचकला.

पार्बताबाईला मात्र पहिल्या खेपेला कधी ऐकू यायचं नाही. चुलीजवळच्या झोळीत तिच्या तान्ह्या लेकराने नुसती कूस बदलली तरी ती पीठभरल्या हाताने वळायची. आईला तेवढं कळतच असेल, असं चंद्रभानला वाटे.

तपासणीच्या दिवशी साहेब शेवटच्या रांगेमागे खुर्ची टाकून बसले. चंद्रभानने खडू उचलला, रेघ ओढली, वळला. ओठ नुसतेच हलले. पोरं हसायच्या बेतात होती. त्याने त्यांच्या डोक्यांवरून पाहिलं. साहेबांच्या मागची भिंत, भिंतीपलीकडे कुठेतरी विहीर, विहिरीजवळ चूल.

"तापी मुलताईहून निघते!"

शेवटच्या रांगेतलं ते पोरगं ताठ बसलं. हेडमास्तर हळूच खिडकीबाहेर पाहू लागले. तास संपेपर्यंत तापी समुद्राला मिळाली होती.

संध्याकाळी तो वखारीत परतला तेव्हा बराचसा कापूस गाड्यांवर चढून गेलेला होता, अंगणात माणूस नव्हतं. पार्बताबाई पाठमोरी भाकर थापत होती. झोळीतलं लेकरू नुकतंच निजलं असावं. दोरी अजून हलत होती. ओरडायचं जिवावर आलं. तो दारातच टेकला आणि स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला,

"काकू, जमलं."

"देव पावला रे, बाप्पा!" ती तिकडून म्हणाली.

भाकर तिच्या हातातच राहिली. मग ती सावकाश वळली आणि पिठाचा हात कानामागे धरला.

"काय म्हनलं, बापू? मले नाई आयकू आलं."

चंद्रभान उठला. उंबऱ्यावर नीट उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला.

लेकरू जागं होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.