पिवळ्या फडक्यावरचं रक्त

गोदामाच्या शेवटच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका पत्र्याच्या पेट्यांवर चढल्या होत्या, पुरुष खांबांना चिकटून उभे होते आणि जो तो मान उंचावून एकाच कोपऱ्याकडे बघत होता.

"निघालं! रक्त निघालं!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्यांचे हात एकदम जोडले गेले.

कोपऱ्यात चटईवर चिमी पडली होती. वय सोळा, सातवा महिना. तिच्या पोटावर एक पिवळं फडकं पसरलं होतं आणि पाणीबाबा त्यावर तांब्यातून पाणी शिंपडत होता. तांब्यातलं पाणी काचेसारखं स्वच्छ. फडक्यावर पडलं की लालभडक.

"बघा, डोळे फाडून बघा!" बाबा गरजला. "हद्द तुम्ही ओलांडलीत, पण मागच्या गावाची बाधा तुम्हाला सोडते होय? पोरीच्या पोटात दडून आली! आता ही चटईवरून हलली, तर पोर गेलंच म्हणून समजा!"

लढाईतून जीव वाचवून आलेली आम्ही माणसं. या गोदामात पडद्यांच्या खोल्या करून राहत होतो. मला इथली भाषा येत असल्यानं दवाखान्याच्या गाडीवर दुभाष्याचं काम मिळालं होतं. चिमीचं घर माझ्या पडद्याला लागूनच. प्रवासात तिच्या आईनं तिचं लग्न उरकून टाकलं होतं. उघड्यावर राहायचं, पोर वयात आलेली, नवरा असला म्हणजे कुणी वाकड्या नजरेनं बघणार नाही, असा तिचा हिशेब. नवरा कामाच्या शोधात पुढच्या शहरात गेला तो तिकडचाच झाला. चिमी धुलाईघरात चादरी धुवायला जाऊ लागली. त्या दिवशी तिथंच चक्कर येऊन पडली, आणि आईनं दवाखान्याऐवजी बाबाला गाठलं.

मी गाडीवरच्या सिस्टरला घेऊन गर्दीत घुसले. चिमीचा चेहरा ओळखू येईना, इतका सुजला होता. हाताची बोटं टम्म फुगली होती.

"काय होतंय गं?"

"ताई, डोकं फुटतंय. डोळ्यांसमोर ठिणग्या उडतायत."

सिस्टरनं तिच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला आणि माझ्याकडे वळली. "आत्ताच्या आत्ता न्यायला हवं. कुठल्याही क्षणी झटके येतील. दोन्ही जीव जातील."

मी ते मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. बाबा हसला.

"न्या की! दारात पहिला प्रश्न काय विचारतील ठाऊक आहे? वय! सोळा म्हणालात की पोर काढून घेतील आणि तुम्हाला घालवतील हद्दीपार!"

गर्दीत कुजबुज उठली. आईनं चिमीचा हात गच्च धरला. "ताई, पाया पडते तुझ्या, जा. माझं एवढंच उरलंय."

बाबाचं फडकं खोटं होतं. पण ज्या भीतीवर तो जगत होता ती आमची सगळ्यांची खरी होती. मी बाबाचं म्हणणं सांगितल्यावर सिस्टरनंही उगाच आव आणला नाही. "वय मी विचारीन, औषधासाठी," ती म्हणाली. "इथं राहायच्या कागदांचं वचन माझ्या हातात नाही. पण कागद नाहीत म्हणून गरोदर बाईला परत पाठवलेलं मी अजून बघितलेलं नाही. आणि तो लाल रंग म्हणजे हळदीची हातचलाखी आहे."

"परक्या बाईला आमची बाधा काय कळणार!" दोन दांडगे पुरुष आमच्यासमोर आडवे झाले.

तेवढ्यात चिमीचा आवाज आला, अगदी क्षीण. "आई, हे रक्त नाहीये."

"काय म्हणालीस?"

"चादरीवर हळदीचा डाग असला ना, आणि सोड्याच्या पाण्यात टाकली, की अस्सा लाल होतो. पहिल्यांदा मीसुद्धा घाबरले होते."

"बाधाच बोलतेय! तोंड दाबा तिचं!" बाबा किंचाळला.

एकजण खरोखरच वाकला. आईनं त्याचा हात हिसडून टाकला. "खबरदार! माझ्या पोरीला हात लावशील तर!"

मी शेजारच्या बादलीतला कपड्यांचा साबण उचलला आणि फडक्याच्या कोरड्या कोपऱ्यावर ओल्या हातानं घासला. पिवळ्याचं लाल झालं.

"आता तांब्या द्या," मी म्हणाले.

बाबानं तांब्या छातीशी धरला. "देवाचं पाणी आहे ते!"

पेटीवरून एक म्हातारी कडाडली, "मग घे की दोन घोट! अमृत प्यायला कसली रे भीती?"

बाबा घोट घेईना. कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि हां हां म्हणता अख्खं दालन हसायला लागलं. एकानं तांब्या ओढला, त्या ओढाताणीत तो उपडा झाला. तळाशी धुण्याच्या सोड्याचा पांढरा गाळ होता. आधी हळदीत रंगवून वाळवलेलं फडकं आणि वरून सोड्याचं पाणी, एवढीच काय ती दैवी शक्ती!

हसू मात्र तिथंच थिजलं. चिमीचे डोळे फिरले, दातखीळ बसली, अंग ताठ होऊन झटके देऊ लागलं. सिस्टरनं तिला कुशीवर वळवलं. मघाशी आडव्या आलेल्या त्याच दोघांनी झटके थांबताच चटईची टोकं धरली आणि तिला गाडीपर्यंत पळवत नेलं.

इस्पितळात इंजेक्शन देऊन झटके आवरले, शस्त्रक्रिया करून बाळ काढलं. मुलगी. एवढीशी, नळ्यांनी वेढलेली, पण श्वास घेणारी. दारात वय विचारलं, हे खरं. मी सोळा सांगितलं. कुणी चिमीला हिरावून नेलं नाही. इस्पितळातली एक बाई मात्र येऊन तिच्याशी एकटीशी बोलली. पुढं काय करावंसं वाटतं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून काय करता येतं, तेही तिला नीट समजावलं.

आई काचेपलीकडच्या नातीकडे बघत होती. "भीतीपोटीच तिला नवरा करून दिला मी," ती पुटपुटली, "आणि भीतीपोटीच बाबाच्या ताब्यात दिली."

त्या दालनातली भीती एकट्या तिची नव्हती.

म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगणं. कोवळ्या वयातलं बाळंतपण जिवावर बेतू शकतं; लग्न लावल्यानं तो धोका टळत नाही. पोटुशी पोर सुजली, डोकं दुखतं म्हणाली, डोळ्यांसमोर ठिणग्या दिसतात म्हणाली, तर बाधा शोधू नका, दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर नमस्कार करायच्या आधी एकदा विचारा, "हे केलं कसं?" विचारल्यानं देव कोपत नाही. कोपतो तो फक्त बाबा.