भाजीच्या ड्रॉवरात शेर आणि पावशेर

मी एक जुना भाजीचा ड्रॉवर आहे. फ्रिजच्या तळाशी असतो ना, पारदर्शक प्लॅस्टिकचा, तोच. पण मित्रांनो, आज माझ्यात गाजरेही नाहीत आणि काकड्याही नाहीत. माझ्यात दोन बेडूक राहतात. मुरडलेत ना नाक? थांबा, आधी ऐका तरी.

कारखान्यातल्या गरमागरम साच्यातून मी बाहेर पडलो आणि थेट एका पांढऱ्याशुभ्र फ्रिजच्या पोटात जाऊन बसलो. तिथे कुडकुडत मी कित्येक वर्षे कोबी सांभाळला. दार उघडले की उजेड, मिटले की अंधार, आणि सतत कॉम्प्रेसरची घरघर. ती माझ्या अंगात इतकी मुरली, की झोपेतही ओळखू शकेन.

पुढे तो फ्रिज थकला. मालकांनी तो दुरुस्तीला दिला, पण परत न्यायला कुणी फिरकलेच नाही. त्याचा सांगाडा भंगारात गेला आणि मी फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या टेबलाखाली पडून राहिलो. पोटात स्क्रू, पाइपाचे तुकडे आणि धूळ. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

मिस्त्रींचे दुकान पुढे आणि घर मागे. त्यांची बायको रंगीत माशांच्या दुकानात टाक्या साफ करायचे काम करी. एका संध्याकाळी ती घरी आली. मिस्त्रींनी धुवायला म्हणून तिचा जेवणाचा डबा उघडला आणि असे किंचाळले, की त्यांची मुलगी भिंगरी दाणदाण पावले टाकत धावत आली.

"अगं, डब्यात बेडूक आहेत!"

"ठाऊक आहे मला. मीच आणलेत," बायको शांतपणे म्हणाली. "दुकानात यांना मोठ्या माशांच्या टाकीत टाकलं होतं. यांना धड दिसत नाही, वासावरून खाणं शोधतात बिचारे. तोवर मासे सगळं फस्त करतात. उपाशी मेले असते हो! मालकांना विचारलं, तर म्हणाले, घेऊन जा."

"पण घरभर उड्या मारतील ना?"

"हे पाण्यातच राहणारे आहेत. फक्त श्वास घ्यायला वर येतात. म्हणून यांना खोल काही नको, उथळ आणि पसरट द्या."

भिंगरीने मला टेबलाखालून ओढलेच. स्क्रू खळाळत फरशीवर पडले. मग मला कढत पाण्याने घासूनपुसून धुतले. साबण मात्र आईने लावू दिला नाही, कारण त्याचा अंशही बेडकांच्या कातडीला सोसत नाही. नळाच्या पाण्यातले क्लोरीन मारणारे थेंब तिने दुकानातून आणले होते. ते घातलेले पाणी, तळाशी बारीक वाळू, एक पाणवनस्पती आणि वरून जाळी, असा माझा संसार थाटला. घरच्या फ्रिजशेजारी ऊब असते, म्हणून तिथल्या फळीवर मला ठेवले. आयुष्यभर फ्रिजच्या पोटात गारठलो आणि आता फ्रिजच्याच कुशीत ऊब मिळाली!

बेडकीण जरा गोलमटोल आणि बेडूक अगदीच चिमुकला. मिस्त्री म्हणाले, "ही शेर आणि हा पावशेर." भिंगरी चिमट्याने त्यांच्या नाकासमोर खाणे धरी. दोघे हातपाय पसरून पाण्यात निवांत तरंगत. त्यांना पाहायला शेजारची मुले येत आणि माझेही कौतुक करत.

अंगावर मांस चढले तसा पावशेर गाऊ लागला. गाणे कसले, एकसुरी घुर्रर्र! मिस्त्रींनी कान टवकारले.

"आपला कॉम्प्रेसर कुरकुरतोय."

मला सगळे कळत होते हो, पण सांगणार कसे? मिस्त्री पाना घेऊन जवळ आले की पावशेर घाबरून गप्प. मिस्त्री म्हणत, "झालं काम!" आणि खुर्चीत टेकतात न टेकतात तोच पुन्हा घुर्रर्र. त्यांनी रबर बदलले, पंखा बदलला, दिसेल तो स्क्रू आवळला. एके दिवशी एक गिऱ्हाईक हातगाडीवर फ्रिज घेऊन आले. आतून तो आवाज ऐकताच म्हणाले, "मिस्त्री, तुमचाच वाजतोय की! मग माझ्याचं काय होणार?" आणि हातगाडी तशीच परत फिरली. त्या दिवशी मिस्त्री धड जेवले नाहीत. "हातातलं कसब गेलं माझं," एवढेच पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रिज पुरता बाहेर ओढला. माझा काठ नीट धरता यावा म्हणून जाळी काढली, मला फ्रिजमागच्या स्टुलावर ठेवले आणि जाळी तशीच विसरले. ठोकाठोक सुरू होताच पावशेर बिथरला. त्याने उसळी मारली आणि दिसेनासा झाला.

घर चिडीचूप झाले. मिस्त्री तर हरखूनच गेले. "भिंगरे, ऐक! येतोय का आवाज? बाप कुणाचा!" ते शीळ घालत फिरत होते आणि इकडे माझा जीव टांगणीला लागला होता.

बायको घरी आली ती आधी माझ्याकडे. "अहो, पावशेर कुठाय? त्याची कातडी सुकली की संपलं सगळं!"

मिस्त्रींचा चेहरा पडला. टेबलाखाली, चपलांत, केरसुणीमागे, तिघांनी सगळीकडे शोधले. भिंगरी तर रडायलाच लागली. "पंख्यात शिरला असेल तर?" म्हणत मिस्त्रींनी घाईने फ्रिजचा प्लग उपटला.

कॉम्प्रेसर थांबला. आणि मग फ्रिजमधून आवाज आला, घुर्रर्र!

मिस्त्रींनी हातातल्या प्लगकडे पाहिले. "प्लग माझ्या हातात आहे," ते सावकाश म्हणाले, "आणि फ्रिज गातोय!"

फ्रिजच्या पाठीमागे वितळलेल्या बर्फाचे पाणी साठायचा ट्रे असतो. त्यातल्या कोमट पाण्यात पावशेर गळा फुगवून बसला होता! बायकोने ओल्या ओंजळीत घेऊन त्याला माझ्यात सोडले. तो शेरजवळ पोहोचला, तेव्हा कुठे सगळे हसले, आणि हसता हसता मिस्त्री फरशीवरच बसले. मग उठून त्यांनी माझ्या जाळीला भक्कम चिमटे बसवले आणि सायकल काढून त्या गिऱ्हाइकाला सगळी हकीकत सांगायला गेले. येताना हातगाडीसह आले.

मित्रांनो, आता मी पिवळट पडलो आहे, पण भरलेला आहे. तुमच्याही घरी असा मुका जीव आला, तर त्याला हवे ते पाणी द्या, त्याच्या तोंडी घास पडतो का ते पाहा, झाकण विसरू नका. आणि एक दिवस तो अगदी गप्प झाला, तर कटकट मिटली म्हणून शीळ घालू नका. उठा, आणि एकदा डोकावून बघा.