मचाणावरचा थर्मास

मित्रांनो, पोलादालाही भीती वाटते. मी स्वतः पोलादाचा आहे, म्हणून सांगतो. मी एक जुना थर्मास आहे. हिरव्या रंगाचा, दोन-तीन ठिकाणी पोचे आलेला, कडी थोडी वाकलेली. दिसायला दणकट असलो तरी माझे बहुतेक आयुष्य घाबरण्यातच गेले.

माझ्या अंगाला दोन भिंती आहेत आणि त्यांच्यामध्ये काहीच नाही, हवासुद्धा नाही. कारखान्यात मला घडवले तेव्हा तिथल्या लोकांनी मोठ्या कसबाने ती हवा काढून घेतली. त्या रिकामेपणामुळेच माझ्या पोटातले गरम पदार्थ गरम राहतात. पण पोटात काय घ्यायचे आणि काय नाही, हे मात्र माझ्या हातात नाही. जो ओतेल त्याचे मुकाट्याने सांभाळायचे, एवढेच माझे काम.

विस्कॉन्सिनच्या उत्तर भागातल्या एका छोट्या गावात आर्डिस नावाच्या बाईने मला विकत घेतले. तिच्या नवऱ्याला, लायलला, लाकूड कापायच्या गिरणीत नोकरी लागली होती. आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिला भांड्यांची पारख होती. रोज पहाटे ती आधी मला गरम पाण्याने विसळायची, मग काळी कडक कॉफी ओतायची आणि झाकण घट्ट पिळायची.

गिरणीत लायल मोठ्या पट्ट्याच्या करवतीवर उभा राहायचा. पाइनचे ओंडके किंचाळत पुढे सरकायचे आणि फळ्या होऊन बाहेर पडायचे. जेवणाच्या सुट्टीत सगळे फळ्यांच्या ढिगावर बसत. कोणीतरी माझ्या झाकणातून घोटभर कॉफी मागून घ्यायचा आणि म्हणायचा, "लायल, तुझ्या बायकोची कॉफी म्हणजे काय सांगू! मेलेला माणूस उठून कामाला लागेल!" तेव्हा मला माझ्या असण्याचा अभिमान वाटायचा. ते दिवस चांगले होते.

लायलचा थोरला भाऊ गॉर्डी. वडील लवकर गेल्यामुळे लायलला त्यानेच वाढवले. मासे कसे धरायचे, रायफल कशी धरायची, हरणाचा माग कसा काढायचा, सगळे त्याने शिकवले. जंगलात त्याची एक लाकडी खोली होती. नोव्हेंबरच्या अखेरीस शिकारीचा हंगाम उघडला की दोघे भाऊ तिथे मुक्कामाला जात. गॉर्डी मोठ्या आवाजाचा, मायाळू आणि हट्टी माणूस. त्याच्या हातात ब्रँडीची बाटली असायचीच.

माझ्या पोटात पहिल्यांदा ब्रँडी ओतली ती त्याने. "बर्फात मचाणावर बसायचं म्हणजे थट्टा आहे का? हे औषध आहे औषध!" असे म्हणत त्याने कॉफीत एक धार सोडली. लायल हसला. मीही फारसे मनावर घेतले नाही.

मित्रांनो, ती धार मग जाड होत गेली. आधी ती फक्त जंगलात असायची, नंतर घरी आली. मग एका साध्या सोमवारी आर्डिसने भरलेली कॉफी लायलने रस्त्यात अर्धी ओतून दिली आणि गाडीच्या सीटखालची बाटली काढली. त्या दिवशी मी ब्रँडी पोटात घेऊन करवतीजवळ उभा होतो. पट्टा गरगर फिरत होता. लायलचा हात ओंडक्याकडे जाई तेव्हा मला वाटे, आता गेला, आता गेला. ओरडावे तर मला तोंड असून आवाज नाही.

एकदा त्याच्या हातमोज्याचे टोक पट्ट्यात सापडले. मोजा गेला, बोटे वाचली. मुकादम धावत आला, त्याने करवत थांबवली आणि लायलच्या तोंडाजवळ येऊन वास घेतला. ओरडला नाही. नुसते म्हणाला, "उद्यापासून बाहेरच्या अंगणात. फळ्या रचायच्या." लायलने घरी सांगितले की पाठ दुखते म्हणून काम बदलून घेतले. संध्याकाळी मला विसळताना ती बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली.

त्यांची मुलगी जोलीन तोपर्यंत मोठी झाली होती. चीजच्या कारखान्यात कामाला लागली होती. बापासारखीच तिला जंगलाची ओढ. त्या वर्षी तीही हंगामाला आली. दुसऱ्या दिवशी पहाटे गॉर्डी खोलीवर नव्हता; दिव्याचे तेल आणायला तो आदल्या संध्याकाळीच गावात गेला होता. लायलने उजाडण्याआधीच मला भरले, पण टेबलावर विसरून तो मचाणावर निघून गेला. जोलीनने मला पाहिले. "बाबा गारठून जाईल बिचारा," असे म्हणून तिने मला काखेत घेतले आणि निघाली. अंगात शिकाऱ्यांनी एकमेकांना दिसावे म्हणून घालायचे भडक नारिंगी जाकीट, पायांत बूट. नुकतेच फटफटत होते. झुडपांच्या दाटीतून आम्ही जात होतो आणि वाळक्या काटक्या मोडत होत्या.

मग आवाज झाला. आमच्या शेजारच्या झाडाची साल उडाली. तिचे तुकडे माझ्या झाकणावर टपटप पडले. जोलीन बर्फात पालथी पडली, मी तिच्या काखेतून सुटून घरंगळत गेलो.

"बाबा! मी आहे! बाबा, मी आहे!"

मग मचाणाच्या शिडीवर धडपडत उतरणारे पाय ऐकू आले. लायल झुडपांतून आला. चेहरा राखेसारखा.

"जवळ येऊ नकोस," जोलीन म्हणाली. "आधी रायफल खाली ठेव."

त्याने ठेवली. तो बर्फात बसला. जोलीनने स्वतःचे हातपाय चाचपून पाहिले. मग, बघा मित्रांनो, मुलीचे काळीज कसे असते, तिने मला उचलले. बापाला घोटभर गरम द्यावे म्हणून झाकण उघडले. वाफेबरोबर ब्रँडीचा वास आला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे.

"हे? हे मी तुला आणून देत होते?"

ते दोघे त्याच दिवशी, गॉर्डी परतण्याआधीच, घरी निघाले. गाडी जोलीनने चालवली.

त्यानंतर लायलने दारू सोडली. हे एका वाक्यात सांगता येते, पण तसे घडले नाही. सुरुवातीला त्याला घाम फुटायचा, उलट्या व्हायच्या, हात इतके कापायचे की माझे झाकण आर्डिसला उघडून द्यावे लागे. गावातल्या चर्चच्या तळघरात दारू सोडणारी माणसे जमत. तिथे तो मला घेऊन जायचा. लोक उठून आपापली हकिगत सांगत. लायल एवढेच म्हणे, "मी लायल. मला दारूचं व्यसन आहे," आणि बसे. त्या गोळीबद्दल त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. मी त्याच्या पायाशी उभा असायचो आणि मला वाटायचे, ती गोळी अजून कुठेतरी हवेतच आहे.

कामावर जाताना रस्त्यात दारूचे दुकान लागे. तिथे आले की गाडीचा वेग कमी व्हायचा. रोज. मी सीटवर पडून इंजिनाचा आवाज ऐकत असे. आवाज पुन्हा वाढला की कळायचे, आजचा दिवस निभावला.

पुढचा हंगाम आला. गॉर्डीचा फोन आला. आर्डिस म्हणाली, "जाऊ नकोस. घरी राहा. मी हात जोडते."

जोलीन म्हणाली, "मी जाते त्याच्याबरोबर. आई, आम्ही दोघंही आता जंगलाला घाबरतो. असं किती वर्षं घाबरायचं?"

मुक्कामाच्या संध्याकाळी चुलीवर हरणाच्या मांसाचे सॉसेज तडतडत होते. गॉर्डीने ग्लास पुढे केला. लायलने नकारार्थी मान हलवली.

"अरे वा! चर्चची मेंढी आली बरं का आपल्याकडे!" गॉर्डी हसला. "लायल्या, तुला मी कडेवर खेळवलंय. माझ्या हातचा एक घोट नाही चालत?"

"नको, गॉर्डी."

"डॉक्टरने सांगितलंय का?"

"कोणी नाही सांगितलं. मला नको."

गॉर्डीने खांदे उडवले. पण त्याला लागले, हे मला दिसले. त्याला वाटले, भाऊ दारूला नाही, आपल्यालाच नको म्हणतोय.

सकाळी मला भरायचे काम त्याने घेतले. लायल बाहेर बूट घालत होता. गॉर्डीने अर्धा थर्मास कॉफी ओतली, दाराकडे पाहिले आणि उरलेला अर्धा बाटलीतून भरला. "एवढ्याशानं काय होतंय, पोरा," तो मायेने पुटपुटला आणि झाकण पिळले.

मित्रांनो, करवतीजवळ मी घाबरलो होतो. पण त्या वाटेवर वाटली तशी भीती मला कधी वाटली नव्हती. लायल मला पिशवीत घेऊन बर्फातून चालत होता. खुशीत होता, हलकी शीळ घालत होता. आणि माझ्या पोटात तेच होते, ज्याच्यापासून तो वर्षभर पळत होता. माझी वाकडी कडी निसटावी आणि मी कुठेतरी पडावे असे मला वाटत होते. पण थर्मास आपणहून कसा पडणार?

मचाणावर बसून त्याने रायफल मांडीवर घेतली. बराच वेळ गेला. वारा सुटला, त्याची बोटे बधिर झाली. त्याने मला काढले, झाकण फिरवले. वाफ थेट त्याच्या तोंडावर गेली.

तो थिजला. झाकण एका हातात, मी दुसऱ्या हातात. आजूबाजूला चिटपाखरू नव्हते. कोणाला कळणार होते? त्याने मला ओठांजवळ आणले. त्याचा श्वास माझ्या काठावर आपटत होता. डोळे मिटले होते. मला वाटले, संपले.

मग त्याने झाकण लावले. लावताना ते दोनदा वाकडे बसले. त्याने रायफल उघडली, काडतुसे एकेक करून काढली आणि खिशात टाकली. मला रिकामे करण्यासाठी त्याने हात मचाणाबाहेर नेला, पण झाकण पुन्हा उघडायची त्याची छाती झाली नाही. उघडले तर तो प्यायला असता. त्याला ते ठाऊक होते, मलाही.

तेवढ्यात समोरच्या मोकळ्या जागेत हरणाचा एक नर आला. डोक्यावर शिंगांचे झाडच. तो उभा राहिला, त्याने लायलकडे पाहिले आणि सावकाश निघून गेला. लायल एका हातात रिकामी रायफल आणि दुसऱ्या हातात मला धरून रडत होता.

तो खाली उतरला आणि जोलीनच्या मचाणाकडे निघाला. वाटभर मोठमोठ्याने ओरडत होता. "जोलीन! मी आहे! मी येतोय! बाबा येतोय!" सगळ्या जंगलातली हरणे पळाली असतील.

जोलीन धावत खाली आली. "काय झालं? लागलं का कुठे?"

"हे घे." त्याने मला तिच्या हातात कोंबले. "मला ओतता येत नाही. तू ओत. मी बघत नाही."

तिने झाकण उघडले आणि तिला समजले. "प्यायलास?"

"नाही."

तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला. बापाने आपल्या मुलीपुढे असे तोंड पुढे करून उभे राहणे सोपे नसते. मग तिने मला उपडे केले. बर्फात तपकिरी भोक पडले.

दोघे परत आले तेव्हा गॉर्डी बटाटे परतत होता. जोलीनने मला त्याच्यासमोर टेबलावर आदळले.

"काका, यात काय भरलं होतंस?"

"अगं, गंमत केली! थंडीत जरा ऊब..."

"गेल्या वर्षी बाबानं माझ्यावर गोळी झाडली."

गॉर्डीच्या हातातले उलथणे तसेच राहिले. "काय बोलतेस, पोरी?"

"तू गावात गेला होतास. मी त्याला हाच थर्मास द्यायला जात होते. झाडाला लागली, म्हणून मी आहे."

गॉर्डीने लायलकडे पाहिले. तो नाही म्हणेल, अशी त्याची आशा असावी.

"खरं आहे," लायल म्हणाला. "मी प्यायलेलो होतो. झुडूप हललं आणि मी घोडा दाबला. माझी पोर होती, गॉर्डी." चर्चच्या तळघरात जे वर्षभर निघाले नाही, ते त्या धुराने भरलेल्या खोलीत निघाले. बटाटे जळत होते.

"मला सांगितलं का नाहीस?" गॉर्डीचा मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"मी नको म्हटलं होतं ना तुला. तेवढं पुरायला हवं होतं."

गॉर्डीने जळता तवा बाजूला केला. चुलीवर पाण्याचा टोप चढवला. मला घेऊन तो बाहेर पायरीवर बसला आणि सोडा टाकून मला धुऊ लागला. उकळते पाणी ओतायचा, हलवायचा, फेकायचा, नाक खुपसून पाहायचा, पुन्हा ओतायचा. त्याचे हात भाजून लाल झाले. तो मला धूत होता आणि त्याच्या दाढीत पाणी ओघळत होते. शेवटी त्याने नवी कॉफी केली, माझ्यात ओतली आणि मला उघडाच आत नेले. आधी जोलीनपुढे धरले.

"बघ, पोरी. तू म्हणशील तरच त्याला देतो."

तिने वाकून वास घेतला आणि होकारार्थी मान डोलावली. मग लायल प्यायला.

गॉर्डीने बाटली सोडली की नाही, ते मला माहीत नाही. त्याच्या घरी मी राहत नाही. मी लायलकडे आहे, आणि दर सकाळी मला अजूनही भीती वाटते. ती जाईल असे मला वाटत नाही. तिच्यासकट कामावर जायचे असते, हे मी लायलकडे बघून शिकलो.

मित्रांनो, मला कोणी विचारत नाही आणि विचारले तरी मला सांगता येणार नाही. पण माणसाला तोंड आहे. एखादा तुम्हाला नको म्हणाला, तर त्याला कारण विचारत बसू नका, त्याची थट्टा करू नका आणि मायेपोटीसुद्धा त्याच्या नकळत त्याचे भांडे भरू नका. ते नको म्हणायला त्याला किती बळ लागले असेल, ते तुम्हाला दिसत नसते.